फोनचं तेवढं वाक्य

त्या शुक्रवारी सकाळी कतारमध्ये, दोहा शहरातल्या एका दिवाणखान्यात आठ-दहा माणसं गोलात गप्प बसली होती. मला वाटलं, सुरुवात कुणी करायची यावरून घोळ झालाय. गणपतीत सूत्रसंचालन करणारा माणूस मी, मला कसं राहवणार? उठलो, घसा खाकरला आणि आभार मानायला लागलो.

घर लेकीच्या इंग्रजीच्या बाईंचं. बाई क्वेकर, म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथाच्या. त्यांच्यात पुजारी नाही, पोथी वाचणं नाही. सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून बोलतो. मुलांनाही त्या तसंच बसवून लिहायला शिकवायच्या आणि त्यातले लेख निवडून छोटी पुस्तिका छापायच्या. लिहिलेलं खरं हवं, ही पहिली अट. काय छापायचं यावर मतदान नाही; एकाला जरी पटलं नाही तरी सगळ्यांनी थांबायचं. त्या दिवशी लेक आपला लेख वाचणार होती, म्हणून आम्हीही गेलो होतो. हे सारं तिनं गाडीत समजावलं होतं. मी तेव्हा पार्किंग शोधत होतो.

"हिचं लिहिण्याचं अंग माझ्याकडून आलंय," मी इंग्रजीत ठोकून दिलं. "आमच्या घरात खोटं बोललेलं मला खपत नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. एका वयस्क गृहस्थांनी डोळे मिटून मान हलवली. हे माझ्या आतून आलंय, असं बिचाऱ्यांना वाटलं असावं. बायको गालिच्याची नक्षी बघत होती.

मग लेकीनं आपला लेख वाचला.

मेसईदच्या कारखान्यात कामगारांच्या बसगाड्यांचं काम माझ्याकडे आहे. आदल्या उन्हाळ्यात इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारवस्तीतून निघालेली एक बस रस्त्यातच बंद पडली. माणसं खाली उतरून बसच्या सावलीला दाटीनं उभी होती. मी आणि लेक गाडीतून तिथूनच चाललो होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "ऑल ओके सर, बस पोचली," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर दुसरी गाडी मागवली, नाही असं नाही. ती यायला तास लागला.

लेकीनं हे सगळं, माझ्या फोनवरच्या वाक्यासकट, लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "बाबा फोनवर बोलत होते तेव्हा आमच्या गाडीत इतकं गार होतं, की मी स्वेटर घातला होता."

थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, "हा लेख छापावा असं सगळ्यांना वाटतंय ना?"

"फोनचं तेवढं वाक्य काढा," मी म्हणालो. "बाकी फार सुंदर आहे. ऑफिसात कुणाच्या हाती पडलं तर..."

बाईंनी वाद घातला नाही. "लेख तिचा आहे. तिलाच विचारा."

विचारायची वेळच आली नाही. लेकीनं कागदाची घडी घातली. "काढायचं तर सगळंच काढू या, बाबा." एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी, हे मात्र अगदी स्वच्छ मराठीत बोलली.

परतताना मी नोकरी, व्हिसा, घरभाडं, सगळं ऐकवलं. "फाइन, बाबा," ती खिडकीकडे बघत म्हणाली. पुस्तिका तिच्या लेखाशिवाय निघाली. शुक्रवारी जाणं तिनं बंद केलं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, मग तोही थांबला.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या अर्जासाठी तिनं निबंध लिहिला. विषय वडील. त्यात वाळवंट होतं, माझे कष्ट होते, कामगारांवरची माझी मायासुद्धा होती. मी तो बायकोला दोनदा वाचून दाखवला.

"बघ, काय सफाईनं लिहिते! एक शब्द हलवायला नको."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हो, छान आहे," ती म्हणाली. "हा ऑफिसात खुशाल दाखवा."