पंधरा किलोमीटरचा कागद

रिटायर झाल्यावर माझी पोस्टिंग नाहूरला झाली, असं माझी बायको सुनंदा म्हणते. चोवीस वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये काढून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो, त्यालाही आता बारा वर्षं झाली. आता सोसायटीच्या टाकीची मोटर, लिफ्टच्या तक्रारी आणि सकाळी सहाला मॉर्निंग वॉक, एवढीच ड्यूटी. हिमालयात चालत जायची टूम त्या वॉकमधूनच निघाली.

त्यात माझा स्वार्थ होता, तो आधीच सांगतो. माझ्या हाताखाली लान्स नायक दीवान सिंग होता, पिथोरागडच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. बावीस वर्षांपूर्वी तो बर्फात गेला. त्याचा धाकटा भाऊ हरीश आता लोकांना तिकडच्या गावांतून पायी फिरवतो. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, आणि चौथा मुक्काम हरीशच्याच घरी. तिथे दीवानची आई असते. हरीश दर दिवाळीला फोन करतो आणि दर वेळी म्हणतो, "अम्मा पूछती हैं, उस दिन हुआ क्या था." मी दर वेळी म्हणतो, समोर बसून सांगेन. यंदा तो म्हणाला की अम्माला आता नीट दिसत नाही, जास्त उशीर करू नका.

गुडघ्यामुळे सुनंदा मला एकट्याला सोडायला तयार नव्हती. म्हणून ग्रुप लागत होता, आणि ग्रुपने माझं डोकं खाल्लं.

मला सोडून अकरा जण होते. अ‍ॅडमिन श्रीधर पेडणेकर. पूर्वी आमच्याच सोसायटीत राहायचा, आता मुलाकडे कांदिवलीला असतो. त्याने तारीख ठरायच्या आधी टी-शर्ट छापून घेतले. मग मतदान सुरू झालं. गीझर आहे का? कमोड आहे का? चाकांची बॅग चालेल का? मी लिहिलं, "रस्ता नाही. पायवाट आहे." त्यावर एकाने विचारलं, "म्हणजे रिक्षा कुठपर्यंत जाते?" चोवीस वर्षांत मी वायरलेसवर एवढं निरर्थक ट्रॅफिक ऐकलं नव्हतं.

हरीशची अट एकच होती. प्रत्येकाने पाठीवर सॅक घेऊन एका दिवसात पंधरा किलोमीटर चालून दाखवायचं आणि लीडरने तसं सही करून पाठवायचं. कारण साधं होतं. तिकडे कोणी आजारी पडलं तर गावातली आठ माणसं त्याला आळीपाळीने खांद्यावरून खाली आणतात, आणि तेवढे दिवस त्यांची शेतीची कामं पडून राहतात. लीडर मी होतो. हरीश म्हणाला, "आप फौजी हैं, आपके साइन पर मैं कुछ नहीं पूछूँगा."

सराव रविवारी ठेवला. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटवर सकाळी ७:३०ला जमायचं, कान्हेरीपर्यंत चढायचं, आतल्या रस्त्यांनी फिरून पंधरा भरायचे. मी ७:१५ला हजर होतो. ७:३०ला मीना वाघमारे आल्या. नाहूरच्याच, शाळेत शिकवतात, बोलतात कमी. ७:४५पर्यंत आणखी तिघं आले. ८:००ला मी पेडणेकरला फोन लावला.

"पोहोचलोच रे! गेटवरच आहे."

"कुठल्या गेटवर?"

"अरे मेन गेट. दोन मिनिटं."

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मी मोजल्या, तीन झाल्या. सगळ्यांत जवळ राहणारा हा माणूस ८:५०ला आला, हातात बटाटेवड्यांची पिशवी घेऊन. सहा जण आलेच नाहीत. त्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले.

मी भडकलो. गेटवरच, चारचौघांत. म्हटलं, "जिथे नाहीस तिथे आहे म्हणून सांगतोस? लाज वाटते का?"

"मेल्या, एवढो कित्याक तापतंस?" पेडणेकर हसत म्हणाला. "मुंबईत सगळेच असं सांगतात. पोहोचलोच म्हणजे निघतोय. तुला माहीत नाही काय?"

मला माहीत होतं. त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं, म्हणूनच मी तापलो होतो.

आम्ही चालायला लागलो. कान्हेरीच्या पायऱ्यांशी सात किलोमीटर झाले. पेडणेकर तिथे बसला तो उठेना. घामाने टी-शर्ट अंगाला चिकटलेला. वडे संपल्यावर म्हणाला, "मी बसने खाली जातो. तू पंधरा लिही ना यार. सात काय, पंधरा काय! तिकडे गेल्यावर होतं सगळं. नाहीतर ट्रिपची वाट लागेल."

मी त्याच पायरीवर बसून त्याला दीवानचं सांगितलं. सुनंदालाही तोवर सांगितलं नव्हतं.

आम्ही चौघं एका पुढच्या पोस्टकडे सेट आणि बॅटऱ्या घेऊन निघालो होतो. पार्टी कमांडर मी. ऑर्डर स्पष्ट होती: १३:०० वाजेपर्यंत पॉइंट थ्री गाठला नाही तर मागे फिरायचं. दुपारी ऊन चढलं की तो उतार सुटतो, बर्फ दगडांसकट खाली येतो. १३:०० वाजले तेव्हा आम्ही पॉइंट थ्रीच्या वळणाच्या बरेच अलीकडे होतो. दोन दिवस परत फिरून फिरून मी वैतागलो होतो. सेट घेतला.

"पॉइंट थ्री. ऑल ओके. ओव्हर."

"रॉजर. पुढे जा. आउट."

दीवान म्हणाला, "उस्ताद, अभी पहुँचे तो नहीं."

मी म्हणालो, "पहुँच ही गए समझ."

१३:१०ला उतार सुटला. आम्ही तिघं कडेला फेकले गेलो. एकाचा पाय मोडला, सेट गेला. दीवान छातीपर्यंत बर्फात आणि दगडांत दाबला गेला होता, पण बोलत होता. धडधाकट जवानाला मी पुढे पळवला आणि स्वतः हातांनी उकरत राहिलो. सेटवर आमचं उत्तर येईना म्हणून वरच्या पोस्टची पार्टी निघाली, १३:४०ला पॉइंट थ्रीला आली आणि तिथेच खणायला लागली, कारण मी तेच ठिकाण कळवलं होतं. आमचा जवान बर्फातून त्यांच्यापर्यंत पोहोचला १४:१०ला. ते आमच्याकडे आले १४:५५ला. दीवान बोलायचा थांबला १४:४०ला.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, हवामान खराब होतं. ते सगळ्यांनी मान्य केलं. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं.

पेडणेकरने वड्यांची रिकामी पिशवी घडी करून खिशात टाकली. मग म्हणाला, "माझं नाव काढ." आणि बस येईपर्यंत तो माझ्या शेजारी बसून राहिला.

बाकीचे तिघंही त्याच बसने उतरले; पंधरा किलोमीटर मी आणि मीनाताईंनीच पुरे केले. तेवढंच कागदावर लिहिलं. ग्रुपवर दंगा झाला, टी-शर्टांचं काय करायचं म्हणून. संध्याकाळी सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गुडघ्याला पट्टा बांध. मी पण येते. पुढच्या रविवारी माझे पंधरा."

मग हरीशला फोन लावला. किती जणांनी पंधरा पुरे केले तो आकडा सांगितला आणि म्हणालो, अम्माला फोन दे. समोर बसून सांगायचं, ही माझी पळवाट होती, दुसरं काही नाही. फोन स्पीकरवर लावून तो तिच्या बोलीत सांगत गेला, मी तुकड्यातुकड्यांनी बोलत गेलो. वेळा सांगितल्या. मी काय खोटं कळवलं तेही सांगितलं.

शेवटी तिने एकच विचारलं. त्याला जिथे शोधत होते ती जागा आणि तो होता ती जागा, यांत अंतर किती?

"नऊशे मीटर."

तिला मीटर कळेना. हरीशने समजावून सांगितलं: आपल्या दारापासून पाण्याच्या झऱ्यापर्यंत.

"इतना ही?" ती म्हणाली. हे तिने हिंदीत, मलाच विचारलं.

मी हो म्हणालो. पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मी कानाला लावून उभा राहिलो. खूप वेळाने हरीश आला. म्हणाला, "अम्मा रो रही हैं. कह रही हैं, आ जाओ." त्यात माफी आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. मे महिन्यात आम्ही तिघं निघतो आहोत.

कागदोपत्री आजही जुनंच ठिकाण आहे. इथे मी माझा रिपोर्ट दुरुस्त करतो. लान्स नायक दीवान सिंग, वय सव्वीस. पॉइंट थ्रीवर नाही, त्याच्या नऊशे मीटर अलीकडे. वेळ १४:४०. हवामान स्वच्छ.