मंडळाचे शांत अध्यक्ष

बनशंकरीच्या मराठा मंडळात भांडण म्हटलं की गुंडूराव, हे चाळीस वर्षं ठरलेलं होतं. मिरवणुकीत मानाचा पहिला फेटा कोणाला बांधायचा, यावरून दरवर्षी सभा तापायची आणि गुंडूराव खुर्ची उचलायचे.

मग त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रेडिएशन झालं आणि दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. त्याने पुरुषाचं हार्मोन जवळजवळ शून्यावर येतं, थकवाही येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुंडूरावांनी हे बायकोशिवाय कोणालाच कळू दिलं नाही. चारचौघांत सांगायची ती गोष्टच नव्हती.

यंदाच्या सभेत दोन्ही गट तासभर एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. गुंडूराव मात्र डोळे मिटून बसले होते, कारण खुर्ची उचलायची सोडाच, खुर्चीतून उठायचंही त्राण नव्हतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "अण्णा, आता तुम्हीच सांगा."

"कोणालाही बांधा," गुंडूराव पुटपुटले, "पण स्वल्प लवकर आटपा."

दोन्ही गट जागच्या जागी खाली बसले. एवढं मोठं मन मंडळात कोणी पाहिलंच नव्हतं. पहिला फेटा गुंडूरावांनाच बांधायचं ठरलं, वर अध्यक्षपदही गळ्यात पडलं.

सत्काराच्या दिवशी चिटणीस माइकवर गरजले, "खरा मर्द कसा असतो, ते पोरांनी अण्णांकडे बघून शिकावं."

टाळ्यांच्या कडकडाटात भागीरथीबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"गुरुवारी इंजेक्शन आहे," त्या म्हणाल्या. "चुकवू नका."