हॉल्टवरचं पाणी

छोट्या लाईनीवरचा आमचा हॉल्ट बंद झाला, त्या दिवशी लेआउटातल्या, म्हणजे पलीकडच्या वसाहतीतल्या, मंडळींनी शेवटच्या गाडीच्या इंजिनाला झेंडूचा हार घातला. बायकांनी डोळे पुसले. एका निवृत्त गृहस्थांनी भाषण केलं, की लेआउटवाल्यांनी किती खस्ता खाऊन हे स्टेशन उभं केलं वगैरे. शेवटी ते म्हणाले, "आणि इथलं ते पाणी! इतकं गोड पाणी मी उभ्या जन्मात प्यायलो नाही."

मी मागं उभी होते. तोंड मिटून राहणं मला कधी जमलं नाही. तिथूनच म्हणाले, "ते आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी होतं." दोन-चार माना वळल्या. गृहस्थ हसले आणि अडाण्याला समजवावं तसं म्हणाले, "नाही हो बाई, माठात वाळा टाकलेला असायचा. वाळ्यानं तशी गोडी येते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा त्या स्टेशनचा इतिहास मीच सांगते. त्यांचा वाळ्याचा इतिहास त्यांना लखलाभ.

इतवारीहून उमरेडकडे जाणारी ही छोटी लाईन आमच्या अंगणासमोरून जायची. शहर तिथं संपत आलेलं होतं. एका बाजूला आमची बौद्धांची वस्ती, जरा पुढं बाभळीचं रान, आणि त्यापलीकडे कारकून-मास्तरांसाठी नवीन पडलेला लेआउट. दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं सगळ्यांत आधी विहीर खोदली. ज्यांना पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या विहिरीपासून दूर उभं राहून कोणीतरी पाणी ओतेल म्हणून वाट पाहावी लागली, त्यांना आधी काय हवं असणार? विहीर लागली तीही अशी, की पाणी नुसतं जिभेवर ठेवावं. लेआउटात दोन विहिरी होत्या, दोन्ही मचूळ. त्यात डाळ शिजत नव्हती.

आमच्या घरासमोर लाईनीला चढ होता. उमरेडकडून येणारी गाडी तिथं धापा टाकत माणसाच्या चालीनं चालायची. उन्हाळ्यात इंजिनाच्या भट्टीपुढं उभा असलेला डायवर बाहेर वाकून म्हणायचा, "बाई, पानी!" माझी माय गडवा घेऊन रुळाच्या कडेनं गाडीबरोबर चालायची आणि त्याच्या टिनाच्या मग्यात पाणी ओतायची. तो गटागटा प्यायचा, पुन्हा मगा पुढं करायचा, आणि जाताना अर्धवट जळलेल्या कोळशाचे चार खडे आमच्या अंगणात टाकायचा. त्यावर आमचा चहा व्हायचा. असं कित्येक उन्हाळे चाललं. त्यानं कधी तिची जात विचारली नाही. वस्ती कोणाची आहे हे त्याला दिसतच होतं. विहाराचा निळा झेंडा इंजिनातूनसुद्धा दिसायचा.

मग लेआउटवाल्यांना स्टेशन हवंसं वाटलं. ऑफिसला जायला गाडी दारात हवी. पण रेल्वेला दाखवायला माणसं पुरेशी नव्हती, म्हणून अर्जावर आमचे अंगठे लागले. तो अर्ज घेऊन आलेले गृहस्थ पुढं हॉल्टचे कंत्राटदार झाले. अशा छोट्या हॉल्टवर स्टेशनमास्तर नसतो, गावातलाच कोणीतरी कमिशनवर तिकिटं विकतो, तसे ते. त्यांनी आमच्या ओट्यावर बसून, चहा मात्र न घेता, मायला सांगितलं, "उन्हाळ्यात प्रवाशांना पाणी पाजायला रेल्वे माणूस ठेवते. पगार असतो, पितळेचा बिल्ला असतो. ते काम तुमच्याशिवाय कोणाचं? तुम्ही तर आधीपासून गाडीला पाणी पाजता."

माय हरखून गेली. पगार हवा होताच. बाबांची गिरणी कधी चालायची, कधी बंद असायची. पण ती झुरत होती त्या कामासाठी. आपल्या हातात ओगराळं असावं, छातीवर बिल्ला असावा, आणि डब्याडब्यातून माणसांनी आपल्यापुढं ओंजळ धरावी. तिच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांपुढं ओंजळ धरली होती. हे सगळं तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं, म्हणून मला माहीत आहे.

फलाट श्रमदानानं झाला. श्रम वस्तीचे आणि दान लेआउटचं, अशी वाटणी होती. बाबा आणि वस्तीतले इतर बाप्ये सुट्टीच्या दिवशी घमेल्यांनी मुरूम टाकायचे आणि लेआउटातली मंडळी छत्री घेऊन, कुठं खड्डा राहिला ते दाखवायची. फलाट त्यांच्या बाजूला झाला, पाटीवर नाव त्यांच्या लेआउटचं आलं. वस्तीत कुरकुर झाली. माय म्हणाली, "पाटी वाचून तहान जाते का गा कोणाची? पाणी त मीच पाजीन."

उन्हाळा लागला तशी ती कंत्राटदाराकडे गेली. मी सोबत होते. तेव्हा नववीत असेन. ते तिकिटाच्या खिडकीतूनच बोलले. "बाई, तुमच्यासाठी काम ठेवलंय. फलाट झाडायचा."

"अन् पाण्याचं?"

"पाण्याचं तेवढं सोडा. मला स्वतःला काही नाही हो, पण लोकांच्या भावना असतात."

परत येताना मीच बडबडत होते. घरी आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "झाडाले मले बलावते. मुरूम टाकला तवा नाही विचारलं यानं, कोणाचे हात हायेत म्हणून."

पाण्यावर लेआउटातल्या देवळाच्या पुजाऱ्याचे वयस्कर मामा लागले. बिल्ला त्यांच्या जानव्यावर लटकला. पहिले काही दिवस त्यांनी लेआउटातलं मचूळ पाणी पाजलं. प्रवासी तोंडात घेऊन खिडकीतून थुंकायचे. मग एका दुपारी, वस्ती उन्हानं चिडीचूप असताना, मामा आमच्या विहिरीवर दिसले. दोर स्वतःचा, बादली स्वतःची, तांब्याचा हंडा स्वतःचा. पाणी तेवढं आमचं. हंडा भरला, वर तुळशीचं पान टाकलं आणि निघाले. मग रोजचंच झालं. लेआउटात सगळ्यांना माहीत होतं. अचानक पाणी गोड कसं झालं, हे एकानंही विचारलं नाही, यातच आलं सगळं.

मी चवताळले. "काहून वं माय, त्याले हाकलत काहून नाही? आपली विहीर हाये ना?"

"पाण्याले कोणाले नाही म्हणाचं नाही," ती म्हणाली. "आपल्याले म्हणत होते लोक. आपून त्यायच्यासारखं व्हाचं का?"

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही.

पण मनातून ती धुमसत होती. एक दिवस तिनं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं, मातीची घागर विहिरीवर काठोकाठ भरली आणि मला म्हणाली, "चाल." आम्ही गाडीच्या वेळेला हॉल्टवर गेलो. मामांच्या माठापासून बरीच लांब, फलाटाच्या टोकाला, जिथं इंजिन उभं राहायचं तिथं तिनं घागर ठेवली आणि गडवा हातात घेऊन उभी राहिली. तिनं कोणाला हाक मारली नाही. कंत्राटदार खिडकीतून बाहेर येऊन बघत राहिले. लेआउटातली ऑफिसला निघालेली मंडळीही बघत होती.

गाडी आली. तिसऱ्या वर्गातला एक तहानलेला माणूस धावत आला आणि काही न विचारता प्याला. मायचा चेहरा असा फुलला, की मला रडू आलं. मग डायवर खाली उतरला. आमचाच डायवर. घामानं निथळत होता. त्यानं मायला पाहिलं, ओळखीचं हसला. मायनं गडवा भरून पुढं केला.

तो दोन पावलं आलाही. मग त्यानं कंत्राटदाराकडे पाहिलं, फलाटावरच्या मंडळींकडे पाहिलं, आणि वळून सबंध फलाट चालत मामांकडे गेला. ओंजळ धरली. मामांनी वरून धार सोडली. प्याला, गमछ्यानं तोंड पुसलं आणि आमच्याकडे न बघता इंजिनात चढला.

माय गडवा धरून तशीच उभी होती. कंत्राटदाराचा मला राग नव्हता असं नाही, पण त्याच्याकडून मला कसली आशाच नव्हती. डायवरचा राग मात्र अजून गेलेला नाही. त्याची नोकरी होती, त्याला त्याच लोकांत वावरायचं होतं, हे सगळं मला कळतं. कळून काय करायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी नेहमीसारखी चढाला लागली. हॉल्ट अजून दोन फर्लांग पुढं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. डायवर बाहेर वाकला. चेहऱ्यावर ओशाळं हसू, हातात तोच टिनाचा मगा. "बाई, पानी," तो म्हणाला, नेहमीपेक्षा हळू आवाजात.

माय अंगणात उभी होती. भरलेली घागर तिच्या पायाशीच होती. ती जागची हलली नाही.

"स्टेशनावर प्या, भाऊ," ती म्हणाली. "तिथं बी आमचंच पाणी हाये."

गाडी थांबणारी नव्हती. मग्यासकट त्याचा हात तसाच बाहेर राहिला आणि गाडी आमच्या दारावरून पुढं निघून गेली.