लसणाचा कॉम्प्युटर

मी आणि मंदाने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉम्प्युटरमध्ये लसूण भरला.

हसू नका. मी सातवी नापास. डोंबिवलीच्या कंपनीत होतो तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर साहेबसुद्धा चपला काढायचे, आणि मला तर चपला काढूनही आत घेत नव्हते! त्या रागापायी रिटायर झाल्यावर जुने कॉम्प्युटर जमवायला लागलो. पहिला आणला तो नुसता टीव्हीच, खालचा डबाच नाही. दुसरा दुकानात शोभेला ठेवलेला निघाला, आत थर्माकोल! (मी दिवसभर त्याची वायर शोधत होतो.) तिसऱ्याने अख्ख्या मजल्याची लाईट घालवली.

मंदा म्हणायची, "अहो, एक तरी चालू करून दाखवा, मग तुम्हाला साहेब म्हणेन!"

शेवटचा आणला तो तिने प्लगला लावूच दिला नाही. झाकण उघडून म्हणाली, "जाळीचा आहे. लसूण चांगला टिकेल." मी गड्डे देत गेलो, ती रचत गेली. त्याच आठवड्यात ती गेली. साहेब न म्हणताच.

महिन्याभराने कोपरीहून आमची मुलगी शोभा आली. तोंड आईचंच. "बाबा, उद्या भंगारवाला येतोय. एक जरी चालला तर सगळे ठेवा. नाहीतर सगळे जाणार."

"लसणाचा पण?"

"लसूण काढून घेऊ ना."

मंदाने रचलेला लसूण मी काढू? सोडा!

एकेक लावून बघितला. एक मेलेला, दुसरा त्याहून मेलेला. राहिला लसणाचा. त्याला तो पहिला टीव्ही जोडला.

"बाबा, आधी लसूण तरी काढा!"

"आहे तसा चालेल."

खटका दाबला. खर्रर्र! आतला पंखा फिरला आणि लसणाची सालं शोभाच्या केसात, चहात, मंदाच्या फोटोवर! आणि टीव्हीवर पांढरी अक्षरं!

"चालला! चालला!" मी असा ओरडलो की शेजारी धावत आले. त्यांना वाटलं, मीपण गेलो!

शोभा पोट धरून हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं वाच ना, काय लिहिलंय?"

"कीबोर्ड कुठाय, विचारतोय."

एवढे कॉम्प्युटर जमवले, कीबोर्ड घ्यायचाच राहिला! पण चालला तर होता. फोटोवरची सालं पुसली आणि म्हटलं, "म्हण आता साहेब."

सकाळी भंगारवाला आला. त्याला काही दिलं नाही, उलट त्याच्याच टेम्पोतून एक कीबोर्ड घेतला. पिन बसेना. मग त्या पिनला बसेल असा कॉम्प्युटरही त्याच्याकडूनच घेतला. पण या खेपेला फसलो नाही हां! घेण्याआधी झाकण काढून नीट बघितलं.

कांदे मावतात.