रोह्यापर्यंत नेऊन आणा

कुठलीही नवी वस्तू दाखवा, आमचे साहेब एवढंच म्हणत, "छान आहे. आधी रोह्यापर्यंत नेऊन आणा." मग ती खुर्ची असो, थर्मास असो की रणगाडा फोडणारं क्षेपणास्त्र. वाळवंटातल्या त्या चाचणी केंद्रावर रोहा कुठून आला, हे फक्त मला कळायचं. मी रोह्याजवळच्या खांब गावचा जवान, साहेब पेणचे.

त्यांच्या घरी गणपतीचा कारखाना. नव्या साच्यातली पहिली मूर्ती वडील ट्रकमध्ये ठेवून रोह्याला धाडत आणि तशीच परत आणत. खड्ड्यांत एखादं बोट जरी तुटलं, तरी साचा सुधारल्याशिवाय दुसरी मूर्ती काढायची नाही. साहेब मोठे शास्त्रज्ञ झाले, पण घरची ही खोड गेली नाही, आणि तिच्यापायी त्यांनी भल्याभल्यांना वैताग आणला.

क्षेपणास्त्राचं उत्पादन सुरू व्हायचं होतं. तोवरच्या चाचण्या पट्टीच्या निशाणबाजांनी सकाळच्या गारव्यात केलेल्या, आणि सगळे नेम लागलेले. साहेबांच्या सहीसाठी वरिष्ठ खोळंबले होते. साहेब अडून बसले. त्यांनी क्षेपणास्त्रं ट्रकमध्ये घालून दिवसभर आदळत फिरवली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्यासारख्या साध्या जवानाला बसवलं. माझे हात कापत होते. "कापू दे रे. लढाईत कोणाचे कापत नाय?" साहेब म्हणाले.

दुर्बिणीत रणगाडा धरून ठेवायचा, क्षेपणास्त्र आपोआप तिकडे वळतं. मी धरून ठेवला होता. तरी ते अर्ध्या वाटेत भरकटलं आणि वाळूत घुसलं.

"पोरानं नेम हलवला," एक वरिष्ठ लगेच म्हणाले. तसंच नोंदलं गेलं असतं तर माझ्यावर कायमचा शिक्का बसला असता, आणि क्षेपणास्त्र मात्र पास. साहेब वाकून हळूच म्हणाले, "खरं सांग, हललास?"

"नाय साहेब."

"मग झालं."

त्यांनी ट्रकमधलं दुसरं क्षेपणास्त्र काढलं आणि पट्टीच्या निशाणबाजाला बसवलं. तेही वाळूतच गेलं. मग तिसरं उघडून पाहिलं, तर आदळआपटीनं आतली एक जोडणी सैल झालेली.

उत्पादन लांबलं. साहेबांना बोलणी खावी लागली, बढतीही हुकली. मला फार वाईट वाटलं, तर उलट मलाच म्हणाले, "अरे, तुटायचं ते वाटेत तुटलं, पूजेला बसल्यावर नाय." जोडणी बदलली, ट्रक पुन्हा वाळूत आदळला, नेम लागले, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

साहेब आता नाहीत. त्यांचे उपकार मी पेणला जाऊन त्यांच्या फोटोसमोर बोलून आलो, हयातीत काही धीर झाला नाही. माझा मुलगा आज सीमेवर आहे, तेच क्षेपणास्त्र घेऊन. त्याचा फोन आला नाही की बायकोचा जीव खालीवर होतो.

"घाबरू नको गो," मी तिला सांगतो. "त्याच्या हातातलं रोह्यापर्यंत जाऊन आलंय."