आत्याचा पहिला रिपोर्ट

आत्या गेल्याचं अविनाशनं मला फोन करून सांगितलं नाही. घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथे मी वाचलं. अविनाश तिचा एकुलता मुलगा. आत्याचं झोपेत हृदय थांबलं. लिव्हर शेवटपर्यंत ठणठणीत होतं, हे मुद्दाम लिहितो, कारण वाडीतली तिची अर्धी गल्ली आजही म्हणते की बाई त्या काविळीच्या रोगानं गेली... आणि गल्लीला हे शिकवलं मी.

वाडीत आमची संस्था हिपॅटायटिस सीची, म्हणजे लिव्हर बिघडवणाऱ्या त्याच काविळीची, तपासणी शिबिरं घ्यायची. डॉक्टर लोक रिपोर्ट कुजबुजत सांगतात, पेशंटला गुन्हेगार करून टाकतात, याची मला भयंकर चीड. म्हणून पत्रकावर मीच छापलं होतं, ‘लपवायचं काय? घरच्यांसमोर सांगा!’ निकाल मोठ्यानं वाचायचा, हा नियमही माझाच. लोकांनी बुजू नये म्हणून पहिलं बोट आत्याचं टोचलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. अविनाश, त्याची बायको आणि रांगेतल्या शेजारणींसमोर मी उभा राहून म्हणालो, “पॉझिटिव्ह.” पुढे बरंच बोललो. हा आजार रक्तातून पसरतो, जेवणातून नाही. औषधानं बरा होतो. सगळं खरं होतं. ऐकलं कुणीच नाही.

मुख्य गोष्ट तर मी बोललोच नाही. ती पट्टी विषाणू शोधतच नाही. शरीर कधीतरी विषाणूशी झुंजलं असेल तर त्याच्या खुणा, म्हणजे अँटीबॉडी, तेवढ्या शोधते. झुंज जिंकलेल्या माणसाच्या रक्तातही त्या राहतात. विषाणू आज आहे का, ते दुसरी तपासणी सांगते. पत्रकात एवढं मावत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. मावलं असतं.

गल्लीत लग्न निघालं की सांबारवडी आत्याच्याच हातची. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडण्यापासून सारण भरलेले पुड तळण्यापर्यंत तिचं राज्य. शिबिरानंतरच्या लग्नात तिला बोलावणं आलं ते नुसतं जेवायला. “मले खुर्ची देली गा त्यायनं,” ती म्हणाली. “पाहुणी झाली मी.”

दुसरा रिपोर्ट आला. विषाणू नाही. अविनाशच्या बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं. तेव्हा कधी शिरला असेल आणि शरीरानंच हुसकावला असेल. मी तो कागद घेऊन दारोदार फिरलो. शेजारच्या काकू हसल्या, “पहिला तूच सांगितला, आता हा बी तूच सांगून राहिला. कोणता खरा धरू गा?” कागदाची घडी करून मी आत्याकडे आलो. आत्याला म्हटलं, “तू कर वडी, मी खातो.”

“तू खाशीलच. खाऊन भाषण देता येते ना तुले,” ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर तिनं वडी केली नाही.

तेरवीनंतर अविनाशच्या बायकोनं माझ्या हातात स्टीलचा एक पेला ठेवला. बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका. “आम्ही नव्हता लावला भाऊजी. आईनंच लावला, आपला पेला वेगळा ओळखू यावा म्हणून. चांगला रिपोर्ट आल्यावरही त्यातच पाणी पीत होत्या. म्हणत, पोरायच्या मनात शंका काहून ठेवा...”

पेला आता माझ्या खोलीत असतो. पहिल्या दिवशी त्यात पाणी ओतलं. ओठांशी नेलं आणि थांबलो. पत्रकं लिहिणारा, सगळं ठाऊक असलेला मी. क्षणभरच... पण थांबलो.