काशीकाकीची गुळाची नानकटाई

काशीकाकी किराणा दुकानात गुळाची ढेप नखाने खरवडून चाखायची आणि पिवळाधमक गूळ दुकानदाराकडे परत सरकवायची. "ह्यो पावडरीनं धुतलेला हाय. काळा काढ." तो कुरकुरत आतून काळपट ढेप आणायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी टोकावड्याला सरकारी दवाखान्यात नर्स होते. काकी माझी शेजारीण, आणि तिचा हेकटपणा मी सहा वर्षं रोज पाहिला.

साखरेवर तिचा राग होता. पाहुण्यांनी आणलेली बिस्किटं ती कोंबड्यांना घालायची.

दिवाळीआधी आमच्याकडच्या बायका पीठ, तूप, साखर घरून नेऊन मुरबाडच्या बेकरीत नानकटाई भाजून आणत. भट्टी आणि पत्रे बेकरीवाल्याचे, वळायचं ज्याचं त्याने. काकी नाचणीचं पीठ आणि गूळ घेऊन गेली. पहिल्या वर्षी गूळ पाघळला, सगळ्या पत्र्याची एकच पोळी झाली आणि खालून करपली. बेकरीवाल्याने पत्रा खरवडायला तिलाच बसवलं. खरवडताना तिने भट्टी कधी मंदावते ते त्याच्याकडून काढून घेतलं. पुढच्या वर्षी गूळ किसून, उन्हात कडक वाळवून, कुटून पिठात मिसळला आणि सगळ्यांचे पत्रे झाल्यावर शेवटच्या पाळीला स्वतःचे लावले. तशी खुसखुशीत नानकटाई मी पुन्हा खाल्ली नाही. दोन दिवाळ्यांत निम्मं टोकावडं गुळावर आलं.

मग काकांना मधुमेह निघाला. साखर बंद, असं मी काकीला बजावलं. तिने त्याच दिवशी काकांच्या चहापुरता ठेवलेला साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. तीन महिन्यांनी काकांच्या पायाला काटा लागला आणि जखम भरेना. पट्टी बदलायला गेले, तर काका गुळाच्या चहात नानकटाई बुडवून खात होते. दर चहाला चार, असं त्यांनीच सांगितलं. माझा तोल गेला. मारणार आहेस तू त्यांना, असं मी काकीला तोंडावर म्हणाले.

"वरडू नको, नर्सबाय," ती म्हणाली. "साखर बंद कर बोललीस, केली. आन साखरेपेक्षा गूळ चांगला, हे बायकांच्या बैठकीत कोण बोललं?"

मीच बोलले होते. गरोदर बायकांसमोर, रक्तवाढीचं सांगताना. मधुमेहाचा शब्दही काढला नव्हता. पुढे त्याच घरात बसून मी ती नानकटाई खाल्ली होती आणि काकांच्या बशीकडे लक्षही दिलं नव्हतं. राग तिच्यावरून माझ्यावर आला, पण कमी झाला नाही.

काकांना कल्याणला नेलं. पायाची दोन बोटं काढावी लागली.

परत आल्यावर काकी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. बैठक लाव, म्हणाली. मी म्हटलं, ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना गाठून समजावते. तिला ते चालेना.

"नाय. तवा जशा बसवल्या होत्यास, तशाच बसव. आन चुकले म्हण."

मला ते भयंकर लागलं. एवढी वर्षं ज्या बायका माझं ऐकत होत्या, त्यांच्यासमोर मान खाली घालायची. तरी बैठक लावली. मधुमेहवाल्याला गूळ, काकवी, मध, सगळं साखरेसारखंच, हे तेव्हाच सांगायला हवं होतं, मी चुकले, असं उभं राहून सांगितलं. मागून एकीने विचारलं, "मग काकी, या दिवाळीला घरधन्यास काय भाजशील गो, पेंढा?" बायका फिसकन हसल्या.

"हसा," काकी म्हणाली. "त्यांची चप्पल पायात ऱ्हात नाय आता. हसा."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. वर्षभराने माझी शहापूरला बदली झाली. निघताना मी तिच्या दारात गेले, तर ती ओवा-मीठ घालून नाचणीचं पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "तिथं पण बायका तुझं ऐकतील. पुरतं सांग."